खडीवर आलेला शिनेमा

येडशी, ता. २ मार्च १९५८
सडकेची खडी फोडायला आमी अकरा बाया. आज मुकादम म्हणला, उद्या मुंबईचे शिनेमावाले खडीवर येणार, कष्टाच्या बायांचा खराखुरा शिनेमा काढणार. आमाला कोण पैसे देऊन बघणार? काय तरी काळंबेरं आहे. कालपासून गावात फिरतात सडकेचा ठेका घेतलेल्या गुत्तेदाराच्या जीपमधी, जेवतात पण त्याच्याच घरी.

ता. ३
ठेवणीतली लुगडी नेसून गेलो. फोटो निघणार म्हणल्यावर फाटकं कोण नेसतं? चष्मेवाला साहेब कपाळ धरून बसला. "बाई, मला खरं पाहिजे, खरं." माघारी धाडलं. फाटकं नेसून आलो, तर त्याची हिरॉईन आमच्यागत लुगडं नेसून, तोंडाला काळं फासून बसलेली. हातोडी अशी धरली जसा खुळखुळा. म्हणलं, "बाई, बोट सांभाळा. रगत निघालं तर ते खरं निघंल." सगळ्या हसल्या. ती पण.

ता. ४
साहेब एकेकीला विचारत होता, कामावर कुणाला इजा झाली का? सगळ्या खाली बघत. मी पण. हा विचारतो कशाला? कुणाला जाऊन सांगणार?
हमीदाबी माझ्या शेजारी बसून फोडायची. पौषात दगडाची कपची उडून तिचा उजवा डोळा गेला. चुलीची ठिणगी उडाली असं कागदावर लिहून गुत्तेदारानं तिचा अंगठा घेतला. वर काम बंद.
कामावरून सुटल्यावर तिच्याकडं गेले. म्हणली, "अक्का, सच्ची फिल्लम बोलतेत तो तू बोल ना. बंबईत कोन तरी डाक्टर मेरी आंख बघंल."
"आन् मला हाकललं तर?"
"मेरे घर रोटी खा."
तिच्या घरात भाकरीचं पीठ न्हाय. लई हसलो दोघी.

ता. ५
बोलले.
साहेबानं मला शिनेमाच्या पेटीम्होरं उभं केलं. "मुकादमाकडं बघून रागानं बोला, मनात येईल ते." गुत्तेदार सडकेच्या कडंला छत्री घेऊन उभा. एकदा वाटलं गप बसावं. मग म्या सगळं सांगितलं. हमीदाबीचं नाव, कपची, अंगठा. मुकादमाचं तोंड उतरलं. साहेब म्हणतो, "वा! काय चेहरा!"
चेहरा?
म्हणलं, बोलणं ऐकलं का न्हाय? पेटी सांभाळणारा दाढीवाला म्हणला, "मावशी, ही नुसतं चित्र घेते. आवाज मुंबईला भरतात. तुमच्या तोंडावर दुसरी बाई बोलेल."
"काय बोलंल?"
"साहेब लिहितील ते."
साहेबाला धरलं. आत्ता लिहून घ्या. त्यानं सिगरेटच्या पाकिटावर दोन ओळी लिहिल्या, खिशात घातलं. काय लिहिलं ते दावलं न्हाय.
पेटीला ऐकू गेलं न्हाय. गुत्तेदाराला गेलं.

ता. ६
शिनेमावाले सकाळच्या गाडीनं गेले. मुकादम घरी आला. "काशीबाई, तुमी उद्यापासून येऊ नका. गुत्तेदार म्हणतेत."
"कशापायी?"
"मला इचारू नका."
दहा जणी हातोड्या घेऊन दारावरून गेल्या. एकीनं वर बघितलं न्हाय. त्यांना तरी काय म्हणावं, परवा मी पण खालीच… जाऊ दे.

ता. ९
हमीदाबी रोज येती. "बोल्ली क्या?" बोलले. "सब?" सब. "मेरा नाम लिया?" घेतलं. खुश होऊन जाती. पेटी मुकी होती हे सांगायला जीभ रेटंना.

ता. १२
आज सांगितलं, पाकिटावरच्या दोन ओळींचं पण. ती म्हणली, "कागद पे लिख्या ना उनो? तो फिर उसको चिठ्ठी लिख. तेरे को लिखना आता."
बसले लिहायला. अर्धं कार्ड भरलं. पाठवायचं कुठं? स्टेशन मास्तरला विचारलं, पोस्टात विचारलं, कुणाला ठावं न्हाय. मुकादम म्हणतो, साहेबाचा पत्ता फकस्त गुत्तेदाराकडं आहे.
उद्या सकाळी त्याच्या दारात जाणार. हमीदाबी म्हणती, मैं भी आती. म्हणलं चल. गेलेला डोळा उघडा ठेवून चल, पट्टी बांधू नको.