ताईने केलेली कॉपी

१२ मार्च, मंगळवार

प्रिय बारकू,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तू कसा आहेस? तुला बघितल्याबरोबर दुकानदार अजून तराजू पुसायला लागतात का? वजनमापं तपासणारा माणूस सख्खा भाऊ असणं ही काय शिक्षा असते, ते मी तुला नोकरी लागायच्या आधीपासून भोगते आहे.

मी फोन उचलत नाही म्हणून तू चिडला आहेस, असं तुझे भावोजी म्हणाले. चीड खुशाल. पण फोन नको, पत्रच बरं. पत्रात एखाद्या शब्दासाठी अर्धा तास अडून बसलं तरी वाचणाऱ्याला कळत नाही.

बरं, आडवळणं पुरे. माझ्या डोक्यात गाठ निघाली आहे. वाईट जातीची. थोडी कापून काढली, उरलेली बोलण्याच्या जागेला खेटून बसली आहे, तिला सुरी लावता येत नाही. तुला कळवलं असतं तर तू धावत आला असतास आणि माझ्याकडे त्या तुझ्या तपासणीच्या नजरेनं बघत बसला असतास. म्हणून नाही कळवलं.

आता तोंड पाडू नकोस, पुढे गंमत आहे. आपल्या मेंदूला म्हणे स्वतःचा पहारा असतो. रक्तातून आलेलं बहुतेक औषध तो दारातूनच परत पाठवतो. भलं-बुरं काही बघत नाही, आमच्या शाळेच्या शिपायासारखा. गोळ्या झाल्या, सलाइन झालं, केस गेले, गाठ मात्र जागची हलली नाही. म्हणून इथल्या डॉक्टरीणबाई नवी पद्धत करून बघताहेत. कवटीला लहानसं भोक पाडून बारीक नळी थेट गाठीत सोडतात आणि एक पंप अगदी सावकाश औषध आत ढकलत राहतो. दिवसभर. मी आपली टक्कल झाकून, जागी, गप्पा मारत पडलेली.

गप्पा मात्र माराव्याच लागतात. पंप चालू असताना बोलणं अडखळलं, तर वेग कमी करायचा किंवा पंप थांबवायचा, असा नियम आहे. नर्स चित्रांची कार्डं दाखवते: किल्ली, छत्री, मेणबत्ती. मग घरचं माणूस जुन्या घरगुती गोष्टी विचारतं, म्हणजे आठवणही तपासून होते.

आणि बारकू, मी कॉपी केली.

जन्मभर पोरांच्या बाह्यांमधून चिठ्ठ्या काढणाऱ्या बाईनं कॉपी केली. नर्स कार्डं दर वेळी त्याच क्रमानं दाखवायची, तो क्रम मी सकाळीच घोकून ठेवला होता. दुपारी छत्री समोर आली आणि तिला काय म्हणतात ते मला येईना. पण पाढ्यासारखी पाठ केलेली रांग तोंडातून आपोआप निघाली. घरच्या प्रश्नांना तर परीक्षकच आपला. भावोजींनी विचारलं, "तुमच्या जुन्या घराचं दार कुठल्या रंगाचं होतं?" मी ठोकून दिलं, "निळं." ते नर्सकडे वळून म्हणाले, "बरोबर." ते घर त्यांनी जन्मात पाहिलेलं नाही. लग्न झाल्यापासून त्यांनी मला कधी चूक म्हटलेलं नाही, तिथे काय म्हणणार? खरा रंग मला आत्ताही आठवत नाही.

पंप थांबला तर औषध कमी जाईल, अशी मला धास्ती होती. जास्त गेलं की गाठ लवकर मरेल. लोभ, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी माझ्या मेंदूचा फोटो दाखवला. औषध गाठीत पोचलंच नव्हतं. नळीच्या कडेनं उलटं वर येऊन शेजारच्या चांगल्या भागात पसरलं होतं.

"असं व्हायला लागलं की पेशंट अडखळतो, मग आम्ही वेग कमी करतो," त्या म्हणाल्या. "तुम्ही तर शेवटपर्यंत खडाखडा बोलत होतात. हे कसं काय?"

शब्द धड येत नव्हते, तरी मी सांगून टाकलं. त्या आधी हसल्या. मग खुर्ची ओढून बसल्या. "अजून एकदा करता येईल. त्यानंतर मात्र नाही. कार्डं नवी आणते. आणि घरचं असं कुणीतरी आणा, जे तुमच्या थापांना फसत नाही."

भावोजी शेजारीच होते. त्यांना लागलं असेल असं मला वाटलं, तर तेच म्हणाले, "मग बारकूलाच बोलवायला हवं."

खरं आहे. साखर मांजरानं सांडली, ही माझी थाप आईला पटली होती. तू एवढासा, पण मांजर उचलून त्याचे पाय बघितलेस.

तेव्हा ये. सोमवारी पंप लागेल, रविवारी पोच. भावोजी स्टेशनवर येतील. माझं बोलणं पुष्कळसं परत आलंय, त्यामुळे आल्या आल्या चार टोमणे नक्की मिळतील. दिवसभर माझ्यासमोर बस आणि विचार. तू कुठल्या झाडावरून पडलास, आई रागावली की आपल्याला काय म्हणायची. येत नसेल तिथे मी हसत, ठसक्यात, अगदी खरं वाटेल असं काहीतरी सांगेन. सवय आहे मला. तू माझी गय करू नकोस. इथे सगळे माझी गय करतात आणि त्याचीच मला आता भीती वाटते. "ताई, चुकलीस," असं सगळ्यांसमोर म्हण आणि पंप थांबवायला लाव.

कदाचित मी तुझंच नाव चुकेन. तेव्हाही तेच म्हण. रडायचं ते बाहेर जाऊन रड, पण आधी सांग. मला अजून पुष्कळ जगायचंय, बारकू.

तुझ्या हाती सापडायची पहिल्यांदाच इच्छा असलेली,
तुझी ताई