तळघरातल्या भुताला वन्स मोअर

तीर्थरूप ताई,

आयर्लंडमधल्या ट्रलीहून धाकट्या पद्माकरचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे खुर्चीतूनच घातला आहे, गोड मानून घे). तुझं बी.पी., तुझी मांजर आणि तुझा राग, तिन्ही कसे आहेत? तेरा वर्षांनी पत्र आलं म्हणून फाडू नकोस. माझ्या शर्वाणीची पेटी मी ती दहावीत असताना बंद केली आणि तू माझ्याशी बोलणं बंद केलंस, ते विसरलेलो नाही. पण आधी सिनेमा ऐक.

शनिवारी दुपारी लेकीने मला इथल्या हॉलमध्ये नेऊन बसवलं आणि कुठेशी गायब झाली. हॉलिवूडचा जुना मूकपट, भुताचा. अहाहा, काय सिनेमा! पॅरिसच्या ऑपेरा-थिएटरच्या तळघरात मुखवटा घातलेला एक भयंकर माणूस राहतो आणि एका गायिकेला भिंतीआडून गाणं शिकवतो. (लोक त्याला भूत म्हणतात. मी गुरू म्हणेन. फी नाही, चहा नाही!) साथीला हॉलमध्येच, पडद्याशेजारी, पायांनी भाता मारायचा ऑर्गन, थेट आपल्या संगीत नाटकातला. आणि त्यावर कोण? आपली शर्वाणी! दिवसभर हॉस्पिटलात पेशंट तपासणारी डॉक्टर पोरगी. मला मेल्याला पत्ता नाही.

ती गायिका मुखवटा ओढते, तिथे आपल्या पोरीने असा काही सूर लावला, की मी उभा राहून ओरडलो, "वन्स मोअर!" हॉल चिडीचूप. (इथले लोक खोकतातसुद्धा माफी मागून.) शर्वाणी कानापर्यंत लाल. तेवढ्यात शेजारच्या म्हाताऱ्याला वाटलं, ही आपल्याकडची रीतच असावी. तोही उठून ओरडला. मग सगळा हॉल! शेवटी मशीनवाल्याने खरोखर सिनेमा मागे नेला आणि बिचाऱ्या भुताचा मुखवटा पुन्हा ओढला गेला. या खेपेला त्याच्या तोंडाकडे कोणी पाहीना, सगळे हिच्या बोटांकडे. मी तर घळाघळा रडलो.

नंतर विचारलं, कुठे शिकलीस गं? म्हणाली, "आत्याकडे. तुम्ही ऑफिसला गेलात की." थेट डॉक्टर होईपर्यंत! केवढी लबाडी, ताई! म्हणजे आमच्या घरचं भूत तूच. धन्य आहेस.

तुझा,
पद्माकर

ता.क. इथे थंडी बेताचीच. येताना स्वेटर दोनच पुरे.

ता.क. २. सिनेमाचं पुराण लांबवलं, कारण पुढची ओळ लिहायला धीर होईना. माझं चुकलं, ताई. पुढच्या महिन्यात ती पुन्हा वाजवणार आहे. तुला बोलवा असं तिने म्हटलेलं नाही. बाबा ते करतील असं तिला वाटतच नाही. ये.