एका हाकेला ओ

३ फेब्रुवारी
झकास घर मिळालं! बोरीवली, सातवा मजला, गॅलरीतून थेट नॅशनल पार्कची झाडी. आई, मी आणि माझी लेक रुचिरा, तिघींना ऐसपैस. हॉलमध्ये टीव्ही, स्वयंपाकघरात नि आतल्या खोलीत स्पीकर, सगळं एकाच वायफायवर. ऑफिसात दिवसभर पायथनच बडवते, म्हटलं घरासाठीही एक प्रोग्रॅम लिहू. तो वायफायवर हाक टाकतो, कोण कोण आहे? जे प्लेयर, म्हणजे टीव्ही नि स्पीकर, ओ देतात ते मी सांगेन ते वाजवतात. रुचिरा खेळात रमली की कितीही बोंबला, ढिम्म! म्हणून माझ्या आवाजात ‘रुचिरा, ये गं’ रेकॉर्ड केलं. बटण दाबलं की घरभर वाजतं आणि बाईसाहेब धावत हजर.

६ फेब्रुवारी
आज एका जास्तीच्या प्लेयरने ओ दिली. नाव नाही. शेजाऱ्यांचा म्हणावा तर पासवर्ड मी कालच बदललाय. गंमत म्हणून ‘रुचिरा, ये गं’ फक्त त्यालाच पाठवलं. वाजतंय, असं उत्तर आलं. घरात मात्र चिडीचूप. आईला सांगितलं तर ती भडकलीच. आमच्या मालवणात दिवेलागणीला एका हाकेला ओ देत नाहीत. माणूस असेल तर परत हाक मारतं. ‘ते’ एकदाच मारतं. तू तेका चेडवाचा नाव दिलंस गो, म्हणाली. पोरीचं नाव ‘त्या’ला कळलं म्हणे! मला हसूच आलं.

९ फेब्रुवारी
प्रोग्रॅम बंद होता. सगळे प्लगही काढलेले. तरी दिवेलागणीला गॅलरीतून माझा आवाज आला. रुचिरा, ये गं. एकदाच. मी कणीक मळत होते, तोंड मिटलेलं. आले गं म्हणत रुचिरा धावली. आईने वेणी धरून मागे खेचली तेव्हा पोरीचा एक पाय कठड्यावर होता. देवा रे.

१० फेब्रुवारी
राउटर फोडला. गॅलरीला कुलूप घातलं. रुचिराला बजावलं, मी परत परत हाक मारेपर्यंत ओ द्यायची नाही. ती विचारते, खरी आई कुठली हे कसं कळणार?

११ फेब्रुवारी
सामान बांधलं. आज रात्री मुलुंडला, मामाकडे. आई रिक्षा बघायला खाली गेलीय. रुचिरा आतल्या खोलीत—

गॅलरीतून तिचा आवाज. आई, ये गं.

तिचा आवाज मी कधी रेकॉर्डच केला नव्हता.

एकदाच. थांबलेय. दुसरी हाक नाही—

कुलूप उघडं लटकतंय. कुणी काढलं? मी मोठ्याने विचारलं, रुचिरा, आत आहेस ना? आतून उत्तर नाही. मीच बजावलं ना तिला, ओ देऊ नकोस म्हणून—

बाहेर लोंबकळत असेल, दुसऱ्या हाकेचं बळच नसेल तर—

माझं लेकरू— आले गं, आ—