जिन्याखालची रद्दी

दि. ४ जून

ती. स्व. काकांना भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही आणि काकू लेकीकडे राहायला गेलात त्याला सात महिने झाले. जाताना म्हणालात, छापखाना आता तुझा, मी पाऊल ठेवणार नाही. सोयाबीनच्या तेलाची शाई आणली म्हणून रुसलात, हे मला ठाऊक आहे. ही शाई छापायची की तळायची, असं तुम्ही बाइंडिंगच्या बायकांना विचारलंत तेही कानावर आलं आहे.

पण ही धडपड कशासाठी ते ऐका. शाळेची पुस्तकं काढणारे प्रकाशक यंदा वर्षाचं काम अशाच छापखान्याला देणार आहेत, जो हवेत कमीत कमी कार्बन सोडेल. वीस तारखेला त्यांच्या तपासनीस बाई येऊन वीज, शाई, वाया गेलेला कागद, सगळं मोजणार आहेत. काम हुकलं तर बाइंडिंगच्या चौघींना घरी बसवावं लागेल. मला घास गोड लागत नाही.

म्हणून शाई बदलली, छपराला काचेची कौलं बसवून दिवसाचे दिवे बंद केले आणि जिन्याखालचा तुमचा रद्दीचा डोंगर लगद्याच्या कारखान्यात धाडला. वीज उतरली, पण वाया जाणारा कागद चौपट झाला! कुठे चुकतंय तेच कळत नाही.

राग शिल्लक ठेवून का होईना, पण थोडा लोभ पाठवा.

तुमची,
भिंगरी


दि. ९ जून

चि. भिंगरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून इतका हसलो की तुझी काकू पाणी घेऊन धावत आली. अगं शहाणे, ती रद्दी नव्हती! रंग जुळेपर्यंत आणि छाप जागेवर बसेपर्यंत मशीनमधून तीनशे कागद तरी जातातच. ते मी कधी कोरे घातले नाहीत. आधीचे बिघडलेलेच पुन्हा पुन्हा घालायचे, रंग पाहायला मध्येच एखादा कोरा. एकेक कागद दहा-दहा वेळा जायचा, पार काळा होईपर्यंत. तू डोंगर हलवलास आणि आता कोरा कागद नासतो आहे.

माझ्या जागी आलेला मशीनमन नवा, त्याला हे कोण सांगणार? मी सांगायला हवं होतं, पण मी रुसण्यात गर्क होतो. तेव्हा अर्धी चूक माझ्या नावावर धर.

आता लाज सोडून सांगतो. निघताना त्यातले अडीचशे कागद मी ट्रंकेत घालून आणले. चाळीस वर्षांचा सहवास, सोडवेनात. काकूने ते स्वयंपाकघराच्या फळ्यांवर अंथरले. मी मापाला कापू दिले नाहीत, म्हणून ते पदरासारखे लोंबत होते. आज सगळे काढले. डबे जमिनीवर आहेत आणि काकूचा पारा छताला. तेलकट झालेले वगळून गठ्ठा पाठवतो आहे.

घाबरू नकोस. आशीर्वाद कागदासारखे नाहीत, कितीही वापर.

तुझा,
काका


दि. २१ जून

ती. स्व. काका, शि. सा. न. वि. वि.

काम मिळालं!

काल बाईंच्या देखत मशीन लावलं. तुमचे कागद घातले, मध्येच एखादा कोरा. कोरे वाया गेले फक्त एकवीस! बाईंनी दोनदा मोजले आणि ही पद्धत कोणा तज्ज्ञाकडून शिकलात, असं विचारलं. मी सांगितलं की ते तज्ज्ञ सध्या रुसून लेकीकडे बसले आहेत. चौघींनी आनंदाने मला उचललं आणि वजन न पेलून तितक्याच आनंदाने खाली टाकलं. कंबर अजून दुखते आहे.

गठ्ठ्याच्या तळाशी एक वेगळा कागद निघाला. पाठीमागे पेन्सिलीने काढलेलं मशीन, शेजारी मशीनहून उंच, मिशीवाला माणूस, आणि वेड्यावाकड्या अक्षरांत 'काका'. मी पाच वर्षांची असेन. मशीनमन तो घालणार एवढ्यात मी झडप घातली. बाकीचे कागद तुम्ही काळे होईपर्यंत वापरलेत, हा मात्र एकदाही पुन्हा मशीनमध्ये घातला नाहीत. मला रडू आलं, काका.

चित्र पोस्टाने मिळणार नाही. तुमच्या स्टुलावर ठेवलं आहे. हवं असेल तर स्वतः या.

वाट पाहणारी,
भिंगरी


दि. २५ जून

चि. भिंगरीस आशीर्वाद.

ते चित्र चुकून आलं. वरच्या फळीवर होतं, काकू त्याच्यावर डबा ठेवत नसे. जागचं हलवू नकोस. सोमवारी पहिल्या गाडीने दोघं येतो.

काकूला फळ्यांसाठी नवे कागद हवेत. मी तिला बजावलं आहे, कोरे मिळणार नाहीत.

तुझा,
काका