गज माझ्याकडे, व्हायोलिन त्याच्याकडे

चिरंजीव भोंग्या,

(पाकिटावर तुझं पोस्टरवरचं भारदस्त नाव घातलंय, पोस्टमनचा घोटाळा नको म्हणून. आत मात्र तू भोंग्याच. जन्मल्यावर पहिले तीन महिने ज्या पट्टीत रडलास तीच पट्टी आता सॅक्सोफोनमधून काढतोस आणि लोक उभं राहून टाळ्या वाजवतात. आम्ही तेव्हा बसून ऐकलं, एवढाच फरक.) धाकट्या मामाचे अनेक आशीर्वाद. तब्येतीला जपत असशील. ताईचा गुडघा कसा आहे? तुझ्या आईला म्हणावं, मऊ तळव्याचे बूट पाठवलेत ते कपाटात शोभेला ठेवू नकोस, पायात घाल. तुझी मामी बरी आहे, मी बरा आहे, दुकान बरं आहे. एवढ्यावर पत्र संपवता आलं असतं, पण तू विचारलंयस, तेव्हा आता भोग.

तू लिहितोस की महोत्सवातर्फे आपल्या वाचनालयाला दिलेल्या वाद्यांचा काहीतरी घोळ झाल्याचं तुझ्या कानावर आलंय, पुढच्या महिन्यात महोत्सवाला आलास की स्वतः वाचनालयात ठाण मांडून सगळं मार्गी लावशील, आणि तोवर मामाने काय काय चुकलंय ते सविस्तर कळवावं. कळवतो. तुझा हेतू चांगला होता याबद्दल वाद नाही. शाळेच्या मैदानावर तीन दिवस मांडव घालायचा, तुझ्या नावाजलेल्या मित्रांनी एक पैसा न घेता वाजवायचं आणि जे जमेल ते ज्या गावाने वाढवलं त्याला परत करायचं. पहिल्या वर्षी शाळेला छप्पर मिळालं, दुसऱ्या वर्षी दवाखान्याला बाकडी. दोन्ही उत्तम. छप्पर गळत नाही आणि बाकड्यावर बसलं की आवाज येत नाही. पण गेल्या वर्षी तुला काय अवदसा आठवली कोण जाणे! बेचाळीस वाद्यं वाचनालयात ठेवलीस आणि माइकवरून म्हणालास की पुस्तकासारखी घरी न्या, पंधरा दिवस वाजवा, परत आणा, दुसऱ्याला द्या. सगळं मैदान गहिवरलं. मीही डोळे पुसले (धूळ होती).

आता त्या 'पुस्तकासारखी'चं काय झालं ते ऐक. आपल्या ग्रंथपाल बाई तुला ठाऊक आहेत. सव्वीस वर्षांत त्यांच्या वाचनालयातून एक पान हरवलेलं नाही. बाईंचा नियम असा की जे जे सुटं, त्याला स्वतंत्र दाखल क्रमांक. तीन भागांची कादंबरी असेल तर तीन क्रमांक, आणि एका कार्डावर एका वेळी एकच वस्तू. तू गाडीत बसून गेलास आणि बाईंनी दार लावून घेऊन आठवडाभरात सगळी वाद्यं शिस्तीत सुटी केली. ट्रम्पेट वेगळं, त्याचं तोंड वेगळं. ड्रमच्या संचाचे नऊ क्रमांक झाले, काठ्या धरून अकरा. क्लॅरिनेटचे पाच भाग निघतात हे तुझ्याखेरीज गावात कुणाला माहीत नव्हतं, ते आता सगळ्यांना माहीत आहे, कारण ते पाच घरांत आहेत. दातांच्या डॉक्टरांकडे भाग तिसरा आहे आणि ते पहिल्यासाठी चार महिने रांगेत आहेत. अकॉर्डियन तेवढं वाचलं. (प्रयत्न झाला होता. एक पट्टी सैल आहे.) बरं, कुठला भाग कुणाकडे आहे ते बाई सांगत नाहीत. कोण काय वाचतं ही ज्याची त्याची खासगी बाब, आणि त्यांच्या मते ड्रमची काठीही त्यात येते. मग लोकांनी सूचनाफलक धरला. 'ट्रम्पेटचं तोंड ज्यांच्याकडे असेल त्यांनी कृपया धडाशी संपर्क साधावा', 'डाव्या काठीला उजवी हवी, वेळ संध्याकाळी पाचनंतर', असल्या चिठ्ठ्या. परगावचा एक औषधविक्रेता त्या वाचून हबकला आणि विचारत होता की इथे नेमका कसला आजार आहे.

हे झालं गावाचं. आता माझं. मी चप्पल-बुटांचा दुकानदार. जोडी फोडणं हे आमच्या धंद्यातलं महापाप, तेव्हा हा प्रकार पाहून मला किती यातना झाल्या असतील याची कल्पना कर. मला लहानपणापासून व्हायोलिनची हौस होती. (हसू नकोस. हौस कुणालाही असू शकते.) माझी पाळी आली तेव्हा बाईंनी शांतपणे एक लांबट पिशवी पुढे केली. आत गज. नुसता गज, तारांवर घासायचं ते दांडकं. व्हायोलिन आदल्याच दिवशी कुणीतरी नेलं होतं. शहाणा माणूस परत फिरला असता, पण तासभर रांगेत उभं राहून रिकाम्या हाताने घरी गेलो असतो तर तुझी मामी काय म्हणाली असती ते मला चालीसकट पाठ आहे. म्हणून गज घेतला. तेरा दिवस मी दुकानात पायाची मापं घ्यायच्या पट्टीवर तो फिरवत होतो. मामीने विचारलं, 'अहो, पट्टी काय म्हणते?'

चौदाव्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, मी पट्टीवर रियाज करत होतो, आणि दुकानाच्या मधल्या प्लायवुडच्या पलीकडून आवाज आला. टिंग. टिंग टिंग. बोटाने तारा छेडल्याचा.

प्लायवुडच्या पलीकडे कोण असतं हे तुला सांगायला नको, पण तुझ्या पिढीला निम्मंच माहीत आहे, म्हणून एकदा लिहूनच टाकतो. दुकान वडिलांनी एकच ठेवलं होतं. नऊ वर्षांपूर्वी मी एका बाईंना खोक्यात दोन्ही डावे बूट बांधून दिले. त्या परत आल्या. तुझा मोठा मामा भरल्या दुकानात म्हणाला, याला अजून डावा-उजवा कळत नाही, याच्यावर काय दुकान सोडायचं! मी म्हणालो, खोका तूच बांधलास. तोही म्हणाला, तूच. महिन्याभरात मध्ये प्लायवुड उभं राहिलं; पुरुषांचे बूट त्याच्याकडे, बायकांचे आणि मुलांचे माझ्याकडे, आणि एकाच घरातल्या माणसांना खरेदीसाठी दोन दारांतून आत यावं लागू लागलं. तेव्हापासून आम्ही बोललो नाही. ताईने किती विनवण्या केल्या, किती रडली, ते तू डोळ्यांनी पाहिलंयस. खोका मी बांधला होता, भोंग्या. त्याच संध्याकाळी मला ते आठवलं होतं. पण तोवर फार बोलून झालं होतं.

तर व्हायोलिन त्याच्याकडे. आता माणसाने काय करावं? गज परत करावा. मी केला नाही, मुदत वाढवून घेतली. मी सोडला की तो त्यालाच मिळणार हे दिसत होतं! त्यानेही तोच हिशेब केला. दर दुसऱ्या शनिवारी अकरा वाजता आम्ही दोघे वाचनालयाच्या खिडकीशी मागेपुढे उभे, एकाच्या हातात पिशवी, दुसऱ्याच्या हातात पेटी, दोघांची नजर पंख्याकडे. बाई शिक्का मारायच्या, ठप्प, ठप्प, आणि चेहऱ्यावरची रेष हलायची नाही. असं तीन महिने चाललं.

सहन झालं नाही ते वेगळंच. महोत्सवाच्या शेवटी तू जी चाल वाजवतोस आणि सगळं मैदान गुणगुणतं, ती हा माणूस रोज दुपारी टिंगटिंग करत वाजवायचा आणि रोज चौथ्या ओळीत एकाच जागी चुकायचा. एकाच! मी कानात कापूस घातला. मोठ्याने खोकलो. बुटांचे खोके आपटले. एका मंगळवारी तो चुकला आणि माझ्या हातून, अगदी नकळत, गजाच्या टोकाने प्लायवुडवर ठक् झालं. पलीकडचं टिंगटिंग थांबलं. मग तीच ओळ पुन्हा, चूक पुन्हा, माझं ठक् पुन्हा. तिसऱ्यांदा बरोबर. मी ठक् केलं नाही. नऊ वर्षांत आमच्यात झालेलं ते पहिलं बोलणं. आठवडाभर आम्ही हेच बोललो. आणि पुढच्या सोमवारी प्लायवुडच्या वर जी वीतभर फट आहे तिथून एक हात आला. नुसता हात, तळवा वर. अंगठ्याजवळची जखमेची खूण मी ओळखतो, त्याला चामड्याची सुरी लागली तेव्हा मीच त्याला दवाखान्यात नेलं होतं. मी स्टुलावर चढून गज त्या हातात दिला.

पुढे जो आवाज निघाला तो ऐकून माझ्या दुकानात आलेल्या एक गिऱ्हाईक बाई एका पायात नवी आणि एका पायात जुनी चप्पल घालून निघून गेल्या. (दुसऱ्या दिवशी आल्या.) आणि मग माझ्या दारात तुझा मोठा मामा, काखेत व्हायोलिन, हातात गज. गज मला दिला, मी धरला, आणि तो म्हणाला, 'उलटं धरलंयस.' त्याच आवाजात, भोंग्या, ज्या आवाजात डावा-उजवा म्हणाला होता! आणि मला राग आला नाही. मला इतकं बरं वाटलं की मी बिल फाडायचं पुस्तक शोधायच्या निमित्ताने काउंटरखाली वाकलो आणि बराच वेळ तिथेच राहिलो.

आता तुझ्या महोत्सवाने माझे काय हाल केलेत ते पाहा. रोज चार ते पाच तो माणूस माझ्या बाजूला येऊन बसतो. तो दहा मिनिटं वाजवतो, मी दहा मिनिटं. जो वाजवत नाही तो दोन्ही बाजूंची गिऱ्हाइकं सांभाळतो, आणि परवा त्याने माझ्या गिऱ्हाइकाला माझ्यादेखत सांगितलं की या चपलेचा अंगठा टिकणार नाही. चहा माझ्याकडचा पितो आणि नावं ठेवतो. माझ्या वाजवण्याला त्याहून जास्त. याला गावाची सेवा म्हणतात का?

तेव्हा लवकर ये. क्लॅरिनेट एका घरात आण, ट्रम्पेटला तोंड मिळवून दे, दातांच्या डॉक्टरांना न्याय दे. बाईंना समजावायला तुझ्यासारखा नामांकित माणूसच लागेल. ताईला नमस्कार.

तुझा,
धाकटा मामा

ता. क. व्हायोलिनच्या कार्डाला मात्र हात लावू नकोस. बाकी सगळं जोड, ते दोन क्रमांक वेगळेच राहू देत. सगळं एकाच्या घरी गेलं की दुसऱ्याकडे जायचं कारण उरत नाही, आणि नऊ वर्षं आमच्याकडे कारणच नव्हतं. पत्र खरं तर एवढ्यासाठीच लिहिलंय. बाकी वाटल्यास वाचू नकोस.

ता. क. दुसरा. यातलं मोठ्या मामाला एक अक्षर कळता कामा नये, विशेषतः खोक्याचं. ते मीच कधीतरी सांगेन.

ता. क. तिसरा. (अक्षर बदललंय, ओळखलं असशील.) गोंदाची बाटली माझ्या बाजूला असते, म्हणून पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं. वाचलं. खोका त्यानेच बांधला होता हे मला तेव्हापासून माहीत आहे. कार्डाचं तो म्हणतो तसंच कर. त्याला सांगू नकोस.