हळू मार, आत देव असतो

३ फेब्रुवारी, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. तीही पुस्तकी मराठीत. पुण्याचे पाहुणे आमची तंजावरी मराठी ऐकून, किती जुनं बोलता हो, म्हणून हसले होते. त्यांना हे उत्तर. ते हे वाचणार नाहीत, तो भाग वेगळा.

हॉलच्या भिंतीला हातभर ओल. पाऊस संपून महिना झाला, टाकी मात्र दिवसातून दोनदा भरावी लागते. अर्थ उघड आहे. भिंतीच्या पोटात गळती.

चौदा तारखेला याच हॉलमध्ये रम्याचा वळैकाप्पु. पुस्तकी मराठीत डोहाळजेवण, फक्त इथे बांगड्या भरतात. एकुलती लेक, पहिलं नातवंड. सुंदरीने, म्हणजे माझ्या बायकोने, बजावलं की भिंत नीट झाली नाही तर समारंभ त्रिचीला व्याह्यांकडे होईल. माझ्या लेकीच्या हातात बांगड्या परक्या हॉलमध्ये भरणार? मी जिवंत असेपर्यंत नाही.

संकल्प: गळती मी स्वतः शोधणार. एकतीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलं ते काय उगीच?

सायंकाळी
परसातली केळ यंदा नुसती माजली आहे. माझं खत. समारंभाची पानं घरचीच निघतील.

४ फेब्रुवारी
टाकीची टेस्ट. सगळ्या तोट्या बंद केल्या, काठीवर खूण केली. दोन तासांत पाणी चार बोटं उतरलं. परसातली तोटी बघायची गरज नव्हती. ती मी पोंगलला चिंधी आवळून कायमची बंद केली आहे. शिवाय केळीच्या पानांतून तिथवर पोचणार कोण?

५ फेब्रुवारी
फ्लशच्या टाकीत रंग घालून पाहायचं असतं. रंग नव्हता. देवघरातलं कुंकू होतं. भांड्यात लाल उतरलं नाही, म्हणजे फ्लश निर्दोष. मी निकाल लिहीत असताना सुंदरी आत गेली आणि तिने फ्लश ओढला. किंकाळी शेजारच्या स्वामीमलै गावापर्यंत गेली असेल. तिला वाटलं, मला काहीतरी झालं. मला काही झालेलं नाही हे कळल्यावर तिने मला उलथन्याने मारलं.

६ फेब्रुवारी
प्लंबर स्वामीनाथनला फोन केला. केवळ सेकंड ओपिनियन म्हणून. मरुदानल्लूरला कामात अडकला आहे, पंधराच्या आत येत नाही. सगळं ऐकून म्हणाला, "पिन्नाडि कोळाय पारुंग, सार." पारुंग म्हणजे बघा, पिन्नाडि म्हणजे मागे. आणि कोळाय म्हणजे तमिळमध्ये पाइपही आणि तोटीही. एखादा सामान्य माणूस इथे गोंधळला असता. मी नाही. मागचा पाइप, म्हणजेच भिंतीमागचा. माझंच म्हणणं.

७ फेब्रुवारी, सकाळी ६
भिंतीला पितळी लोटा लावून कान टेकवला. टप. टप. टप. स्पष्ट! सापडलास, चोरा!

भिंत सामाईक आहे. पलीकडे वेंकटरमणचं स्वयंपाकघर. बावीस वर्षांचा शेजार, रोजची कॉफी. जाऊन सांगितलं की तुमचा पाइप माझ्या भिंतीत थुंकतो आहे. ते म्हणाले, त्या भिंतीत पाइपच नाही. इतक्या लवकर नाही म्हणणारा माणूस काहीतरी लपवतो. कॉफी न पिता परतलो. पहिल्यांदाच. डोकं दिवसभर दुखलं.

८ फेब्रुवारी
बसने स्वामीमलै. ओळखीच्या स्थपतींकडून, म्हणजे देवांच्या मूर्ती ओतणाऱ्यांकडून, हातोडा आणला. ब्राँझ ओतून झालं की वरचा मातीचा साचा याच हातोड्याने फोडतात. म्हातारा देताना म्हणाला, हळू मार, आत देव असतो. मी म्हटलं, माझ्या आत राक्षस आहे. तो विचित्र नजरेने बघत राहिला. मला भिंतीच्या आत म्हणायचं होतं.

९ फेब्रुवारी
हल्ला! पहिल्या घावात गिलावा, दुसऱ्यात कॅलेंडर, तिसऱ्यात माझा अंगठा. नख काळं पडलं. रागाने इतके घाव घातले की भिंतीला सहा भोकं. पाइप नाही. भेकड, आत सरकला असणार.

सुंदरीला सांगितलं की आमचे पूर्वज तलवार घेऊन तंजावर मारायला आले होते, रक्तात आहे. ती म्हणाली, तुमचे पूर्वज मोडी कागद लिहायला आले होते, आणि त्यातही चुका करायचे.

१० फेब्रुवारी
आठ तास मारा. शोकेस फुटली, म्हणजे मधे आली. पाच विटा खोल गेलो. पाइप नाही. आता मला तो नुसता सापडायला नको आहे. मला त्याचा खून करायचा आहे.

११ फेब्रुवारी, सकाळी ६:२०
लोटा लावला. टप. टप. अगदी जवळ. दोन्ही हातांनी हातोडा उचलला, रम्याचं नाव घेतलं आणि सर्व शक्तीनिशी घातला.

भिंत पडली. आत देव होता. वेंकटरमण.

फडताळासकट कोसळले होते. डोक्यावर कॉफीचं डिकॉक्शन, मांडीवर फिल्टर. टप टप म्हणजे त्यांचा फिल्टर होता, हे तेव्हा कळलं. शास्त्रात असं होतं.

त्यांनी दवरा, म्हणजे कॉफीची पितळी वाटी, फेकला, माझ्या कपाळावर बसला. मी त्यांची वेष्टी, म्हणजे धोतर, धरली. त्यांनी माझा कान धरला. दोघं भोकातच अडकलो, अर्धे इकडे, अर्धे तिकडे. मी त्यांची बोटं चावली असं ते सगळ्यांना सांगतात. साफ खोटं. त्यांची बोटं माझ्या तोंडात आली, आणि मी तोंड मिटलं.

दुपारी
कपाळाला तीन टाके. त्यांच्या बोटांना चार. डॉक्टर एकच.

१२ फेब्रुवारी
सुंदरीने त्रिचीला फोन केला. समारंभ तिकडेच. माझ्याशी बोलली नाही, भिंतीकडे बघून बोलली. म्हणजे भोकाकडे. पलीकडून धनलक्ष्मीने, वेंकटरमणच्या बायकोने, ऐकलं.

आज काहीच फोडलं नाही. हॉलमध्ये विटांवर बसून राहिलो. वाईट वाटलं. रम्या लहानपणी याच भिंतीला पाठ लावून पाढे म्हणायची.

१३ फेब्रुवारी, दुपारी
रम्या आली! कुणाचं न ऐकता, पोट सांभाळत, त्रिचीहून टॅक्सी करून. हॉल पाहिला, माझं कपाळ पाहिलं. गरोदर बाईने बाहेरून आल्यावर पाय धुवावेत म्हणून परसात गेली. केळीत शिरली. तिथूनच ओरडली, "अप्पा! ही तोटी कधीपासून वाहत्ये?"

चिंधी कुजून गळून पडली होती. धार थेट भिंतीच्या परसाकडच्या टोकाला, पायाशी. हॉलच्या भिंतीच्या.

म्हणजे कोळाय म्हणजे तोटी. स्वामीनाथनने नीट सांगायला हवं होतं.

१४ फेब्रुवारी
समारंभ झाला. धनलक्ष्मीने काल भोकातून सुंदरीला सांगितलं की आमचा हॉल धड आहे, मुलगी आमच्याही अंगाखांद्यावर वाढली आहे. बायका पलीकडे, हॉल भरून स्वयंपाकघरापर्यंत. ताटं भोकातून पास होत होती. वेंकटरमणची एकच अट: मी आधी माफी मागायची, मग पलीकडे यायचं. मी तत्त्वाचा माणूस. अलीकडे बसलो.

बांगड्यांचा आवाज सगळा ऐकू आला. गाणी ऐकू आली. दिसलं काहीच नाही, पुढे बायकांच्या पाठी.

मग भोकातून एक हात आला. कोपरापर्यंत हिरव्या-लाल बांगड्या. रम्याचा. मुठीत एक बांगडी होती, माझ्यासाठी राखलेली. मी ती तिच्या हातात सरकवली. अंगठा सुजलेला, जमेना, दोनदा चुकलो. हात थांबून राहिला. नंतर मी भोकात तोंड घालून, चुकलो वेंकटरमण, असं ओरडलो. सगळं गाणं थांबलं. ते म्हणाले, आता मिटा तोंड, कॉफी घ्या.

१६ फेब्रुवारी
स्वामीनाथन आला. दोन मिनिटांत तोटीचा वॉशर बदलला. भोकाकडे बघितलं आणि जाताना हातोडा मागे लपवून नेला. सुंदरीनेच दिला असणार.

२४ फेब्रुवारी
भिंत सुकते आहे. जेवढी उरली तेवढी.

केळ अचानक मान टाकू लागली आहे. खत वाढवलं पाहिजे.