तिचे हात उघडण्याचं काम

सोमवार, ३ फेब्रुवारी

लागली एकदाची नोकरी! बारा वर्षं मडकी, बाहुल्या आणि नाकं तुटलेले पुतळे जोडले, आता थेट माणसं. मावशीला म्हटलं, बढतीच म्हणायची ही. असली थट्टा जेवणाच्या टेबलावर नको, असं तिने बजावलं. ती जन्मभर इस्पितळात नर्स होती आणि मला राहायचंय तिच्याकडेच, तेव्हा निमूट जेवले.

प्रदर्शनात एकवीस देह आहेत. कातडी काढून, आत प्लास्टिक भरून टिकवलेले. स्नायू न् स्नायू दिसतो. एकजण धावतोय, एकजण बुद्धिबळ खेळतोय आणि अगदी दाराशी एक बाई दोन्ही हात पसरून उभी आहे. तिला सगळे स्वागतिका म्हणतात. ती कोण, कुठली, हे पाटीवर नाही. दारं दहाला उघडतात. मी आठला यायचं, धूळ झटकायची, सांधे तपासायचे, हातापायांचे कोन मोजून लिहायचे. वही एप्रनच्या खिशातच असते, म्हणून रोजनिशीही हिच्यातच लिहीन म्हणते. संचालक सभ्य आहेत, सुतार बडबड्या आहे. खिडकीतून ऊन छान येतं. मला इथे आवडणार.

गुरुवार, ६

स्वागतिकेचे दोन्ही हात वीतभर खाली आलेले. संचालक म्हणाले, दिव्यांच्या उष्णतेने प्लास्टिक सैल पडतं. गरम हवा मारली आणि हात वर केले. पंधरा मिनिटांचं काम, फार मनावर घेतलं नाही.

सोमवार, १०

आज एक हात छातीवर आडवा होता आणि दुसरा खाली, मांड्यांपाशी. न्हाणीघराचं दार कुणी चुकून ढकललं तर बाई जशी उभी राहील, तशी ती उभी होती. उष्णतेला एवढी अक्कल कुठली?

हात उघडताना मी मान वळवली. कुणाला दाखवायला वळवली कोण जाणे, खोलीत मी एकटीच होते.

मंगळवार, ११

तिची फाइल मागून घेतली. बेवारस, हक्क सांगायला कुणी आलं नाही. संमतीच्या रकान्यात शवागाराच्या कारकुनाची सही! त्याचा देह होता का तो?

मावशीला सांगितलं. ती भांडी पुसत होती. म्हणाली, की वॉर्डात बाई गेली तर तिला पुसायला दोघी नर्स जायच्या, एक पुसायची आणि एक चादर धरून उभी राहायची. मेलेल्या बाईला कळत नव्हतं, पण त्या दोघींना कळत होतं.

गुरुवार, १३

सकाळी तिच्यावर चादर टाकली. संचालकांनी ती स्वतः काढली, नीट घडी घालून माझ्या हातात दिली. म्हणाले, इथे लोक शिकायला येतात. ते खोटं नाही. काल एक गृहस्थ काळ्या फुफ्फुसासमोरून गेले ते खिशातलं सिगारेटचं पाकीट कचऱ्यात टाकूनच. मी विचारलं, पण हिला कुणी विचारलं होतं का? ते म्हणाले, आता विचारायचं कुणाला?

मी चादर घेऊन निघून आले. त्याची चीड अजून जात नाही.

सोमवार, १७

काल मी रजेवर होते. हात सुताराने उघडले. तिची डावी करंगळी मोडली. हट्टी आहे म्हणाला, जोर लावावा लागला. आणि हसला.

करंगळी चिकटवली. राजीनामा लिहून आणला होता, तो फाडला. मी गेले तर रोज तोच उघडणार. माझा हात हलका आहे. म्हणून हे माझ्याच गळ्यात.

मंगळवार, १८

संचालकांनी कॅमेरा लावला होता. आज चित्रण पाहिलं. हात खाली येताना स्पष्ट दिसतात, हळूहळू, चाचपडत.

मला वाटलं होतं, घाबरतील. हात जोडतील, तिला मूठमाती देतील. ते खूश झाले. परवापासून दारं नऊला उघडायची. लोकांसमोर मी तिचे हात उघडायचे आणि ती ते मिटताना लोकांनी बघायचं.

मी नाही म्हणाले. ते म्हणाले, ठीक आहे, सुतार आहेच.

गुरुवार, २०

खच्चून गर्दी. मी उघडले. तिने झाकून घेतलं. टाळ्या. पुन्हा उघडा, संचालक म्हणाले. उघडले. चार वेळा.

पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी अंगावरची शाल काढून दिली. पहारेकऱ्याने त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं. मी नुसती बघत राहिले.

शनिवार, २२

हात फार लवकर मिटतात, अशी तक्रार आलीय. सोमवारी खांद्यापासून कापून, आत लोखंडी सळ्या घालून पुन्हा बसवायचं ठरलं. सुताराने करवत आणून ठेवलीय, तिच्या समोरच.

मावशी म्हणते, पळ काढ. पण तिला तशी टाकून—

रविवार, २३

साडेआठ. आज उघडायला नाही, माफी मागायला जवळ गेले. तिने हात आपणहून उघडले. आणि मग माझ्या पाठीमागे—

उजवा हात मोकळा आहे. वही तिच्या खांद्यावर टेकवून लिहितेय. हलता येत नाही. तिने मला पुढ्यात ओढून घेतलंय.

मारत नाहीये. स्वतःला झाकून घेतेय. मिळालं त्याने.

ओरडले तर सुतार येईल. करवत तिथेच आहे. ओरडणार नाही.

नऊ. दारं उघडली. लोक. आधी गप्प, मग हसू—

सुतार आलाय. हिचे हात कापू नका म्हणतेय, मी अशीच राहते. संचालक त्याला थांबवतायत. वाचलो, वाटलं. पण ते लोकांना म्हणतायत, मागच्यांना दिसत नसेल, या, दोन्ही बाजूंनी पुढे या—

येतायत. बघू नका. दोघींनाही बघू नका म्हणतेय. कुणी ऐकत—

मिठी घट्ट. फासळ्या— श्वास पुरत नाही—

तरी ती डावीकडून उघडीच आहे. मी पुरत नाहीये तिला. तिथे माझा हात पोचेल. वही टाकली तर हा हातही—